कुमारवयातील समाधान आणि शिक्षकाचे कर्तव्य



प्राथमिक शाळेच्या दप्तरात विद्यार्थ्याविषयी पुष्कळ माहिती असते. त्याची जन्मतारीख, हजेरी, गुण, उंची आणि वजन या सर्वांसाठी तेथे रकाने आहेत. तो आपल्या जीवनात समाधानी आहे किंवा कसे, यासाठी मात्र रकाना नाही. आणि तो असावा असेही नाही, कारण मनाची नोंद अशी वहीत होत नसते. परंतु जे वहीत येत नाही ते शिक्षकाच्या नजरेत यावयास हवे. सहावी, सातवी व आठवी या इयत्तांतील मुले-मुली साधारणतः अकरा ते चौदा वर्षांची असतात. बालपण मागे पडत असते आणि प्रौढपण अद्याप दूर असते. याच दोन-तीन वर्षांत मुलगा आणि मुलगी यांच्या वाटा घरात, मैदानावर आणि पुष्कळदा शाळेतही वेगळ्या होऊ लागतात. म्हणून या वयाच्या समाधानाचा विचार प्राथमिक शिक्षकास टाळता येण्यासारखा नाही.

समाधान आणि क्षणिक आनंद यांत भेद केला पाहिजे. जत्रेच्या दिवशी प्रत्येक मूल आनंदी असते आणि छडी बसलेल्या दिवशी प्रत्येक मूल दुःखी असते. आपले आयुष्य एकंदरीत बरे चालले आहे, घरात व शाळेत आपणास स्थान आहे आणि पुढे काही चांगले होणार आहे, अशी जी टिकाऊ भावना, ती समाधान होय. ही भावना बळकट असेल तर मूल अपयश सोसते, शाळेत रमते आणि वाईट संगतीस सहसा बळी पडत नाही. ती खचली तर पुस्तके, गणवेश व पोषण आहार मोफत मिळत असूनही त्याचे शाळेतील पाऊल डळमळू लागते.

समाधानाची शिडी

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी समाधान मोजण्यासाठी एक सोपे साधन योजले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात, ज्या अनेक देशांतील लोकांना त्यांनी हा प्रश्न विचारविला त्यांत भारताचाही समावेश आहे. एक शिडी काढावयाची. सर्वांत वरची पायरी म्हणजे स्वतःस शक्य वाटणारे उत्तमातील उत्तम जीवन, सर्वांत खालची म्हणजे वाईटातील वाईट. मग विचारावयाचे की, आज तू कोणत्या पायरीवर उभा आहेस?

हीच शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी युरोप, मध्य आशिया व कॅनडा येथील शाळांतून अकरा, तेरा व पंधरा वर्षांच्या मुलांपुढे ठेवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने होणारी ही पाहणी १९८० नंतरच्या दशकात सुरू झाली व साधारणतः दर चार वर्षांनी होते. २०२१-२२ सालच्या फेरीत ४४ देश व प्रदेश यांतील सुमारे २,८०,००० विद्यार्थी होते. वय वाढते तसे समाधान उतरते, हे तीत दिसून आले. ते मुलींच्या बाबतीत अधिक वेगाने उतरते, हेही दिसून आले. अभ्यासाचा ताण वाटतो असे सांगणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलींचे प्रमाण २०१८ साली शेकडा ५४ होते, ते शेकडा ६३ झाले. त्याच वयाच्या मुलग्यांचे प्रमाण शेकडा ४० वरून ४३ झाले.

भारत या पाहणीत नाही. तेव्हा तेथील आकडे उचलून मराठवाड्यातील अथवा कोकणातील एखाद्या खेड्यास लावणे योग्य होणार नाही. तेथील मुलींना मैलोगणती पाणी वाहून आणावे लागत नाही आणि चौदाव्या वर्षी त्यांच्या लग्नाची बोलणी सुरू होत नाहीत. परंतु एक गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. ज्या देशांत मुलींना कायद्याने व सोयींनी पुष्कळ मिळाले आहे तेथेही तेरा वर्षांपुढे मुलगी शिडीवरून खाली उतरत असेल, तर ज्या गावांत तिच्या वाट्यास त्याहून कमी येते तेथे ती कोणत्या पायरीवर असेल, हे पाहण्याचे दायित्व कोणाचे?

एकाच घरातील दोन मुले

एखाद्या शेतकरी कुटुंबातील सातवीची मुलगी व तिचा सहावीतील भाऊ यांचा दिवस शेजारी शेजारी मांडून पाहावा. बहीण पहाटे उठते. पाणी भरणे, अंगण झाडणे, आई भाकरी करीत असता धाकट्या भावंडाचे आवरणे, हे सारे करून ती शाळेस निघते. निघण्याच्या घाईत चहात बुडवलेला पावाचा तुकडा हीच तिची न्याहारी असते, आणि पुष्कळदा तीही नसते. भाऊ तासभर उशिरा उठतो, ताटात आलेली भाकरी खातो व दप्तर उचलतो. दोघेही एकाच घंटेस वर्गात बसतात. सायंकाळी भाऊ पटांगणावर जातो; बहीण शेण काढते, सरपण आणते, दिवेलागणीस चुलीपाशी बसते. जेवणे झाल्यावर भांडी तिची. पुस्तक हातात येते तेव्हा तिचे डोळे मिटू लागलेले असतात.

मुलग्यांस काम नसते असे यावरून समजू नये. गुरे वळणे, डेअरीवर दूध पोचविणे, सुगीत रोजाने जाणे ही कामे तेही करतात. ऊसतोडीच्या हंगामात तर भाऊ-बहीण दोघांचीही शाळा तुटते. आई-बाप फडात असता कोपीवर लहानग्यांस सांभाळण्यास बहुधा मुलगी राहते. भेद इतकाच की, मुलग्याचे काम संपते व त्याला गावात 'काम' म्हणतात. मुलीचे काम संपत नाही व त्याला कोणी काम म्हणत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत, घरातील बिनमोल कामे करणाऱ्या सहा वर्षांवरील स्त्रिया अशा कामास दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात आणि ती करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले. शिवाय अशी कामे करणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात थोडी होती. मुलगी या पाच तासांची उमेदवारी बाराव्या-तेराव्या वर्षीच सुरू करते.

दिवसाचे तास चोवीसच असतात. कामास दिलेले दोन तास कोठून तरी काढावे लागतात, आणि ते झोप, खेळ व अभ्यास यांतूनच निघतात. समाधानाची मुळे ज्यांत असतात त्या याच तीन गोष्टी होत.

आरोग्याच्या सवयी

प्रथम झोप. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास आणि त्याहून लहानांस नऊ ते बारा तास झोप हवी, असे निद्राविषयक तज्ज्ञ सांगतात. वयात येताना शरीराचे झोपेचे घड्याळच थोडे पुढे सरकते. रात्री झोप उशिरा लागते. पहाटे लवकर उठावे लागणारी मुलगी आणि रात्री अकरापर्यंत मोबाइलवर असणारा मुलगा, दोघेही वर्गात पेंगतात. दोघांस 'आळशी' म्हणणे सोपे आहे. दोघांस 'काल किती वाजता निजलास, किती वाजता उठलीस' असे विचारणे अधिक उपयुक्त आहे.

दुसरा आहार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९.१ मुली रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण शेकडा ३१.१ होते. पाळी सुरू झाल्यावर मुलीची लोहाची गरज वाढते आणि अनेक घरांत त्याच सुमारास तिची जेवणाची पाळी सर्वांत शेवटी येऊ लागते. रक्त कमी असलेल्या मुलीस दम लागतो, चक्कर येते, लक्ष लागत नाही, कशातच उत्साह वाटत नाही. शिक्षकास ती 'मंद' वाटते, घरच्यांस 'कामचुकार' वाटते, आणि कालांतराने तिचे स्वतःविषयीचे मतही तेच होते. ज्याचे मूळ रक्तात आहे त्याचा ठपका स्वभावावर येतो.

सहावीपासून पुढे आठवड्यातून एकदा मिळणारी निळी लोहगोळी या दृष्टीने अमूल्य आहे. ती उपाशीपोटी दिल्यास मळमळते, एका मुलीस ओकारी होते आणि साऱ्या वर्गात भीती पसरते. दुपारच्या जेवणानंतर, शिक्षकाच्या समोर, शिक्षकाने स्वतःही घेऊन ती दिली तर ही भीती राहत नाही. जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोह अंगी कमी लागते. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते अधिक लागते, हे मुलांकरवी घरी पोचवावे. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यास शालेय पोषण आहारातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा दंडक आहे. मोठ्या मुली लाजेने थोडे वाढून घेतात व लवकर उठतात. पंगतीत शिक्षक असेल तर हे त्याच्या ध्यानात येईल.

तिसरा खेळ. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे अंग घामेजेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ सालच्या माहितीप्रमाणे, जगातील अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ८१ इतकीही हालचाल करीत नाहीत. त्यांतही मुली मागे आहेत. पाणी वाहणारी मुलगी श्रम पुष्कळ करते हे खरे, परंतु श्रम आणि खेळ यांत अंतर आहे. खेळात मैत्रिणी असतात, हसणे असते, हरणे-जिंकणे असते आणि त्या अर्ध्या तासापुरते तरी आपल्या शरीरावर आपली सत्ता असते. पाचवीपर्यंत लंगडी व लगोरी खेळणाऱ्या मुली सातवीत पटांगणाच्या कडेला बसलेल्या दिसतात. त्यांना कोणी हाकललेले नसते. पटांगणावर क्रिकेट सुरू झालेले असते इतकेच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे झालेली खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही महाराष्ट्राची खेळाडू होती. खो-खोला खांब दोनच लागतात. पटांगणाचा वाटा मात्र लागतो.

पाळीविषयी येथेच बोलले पाहिजे. पाण्याची सोय व आतून कडी असलेले स्वच्छतागृह नसेल तर महिन्यातील दोन-तीन दिवस मुलगी घरी राहते किंवा दिवसभर पाणी न पिता शाळेत बसते. वर्षाअखेरीस हे दिवस मोजले तर 'अनियमित' या शेऱ्याचा अर्थ कळेल. शिक्षिका असेल तेथे तिने, नसेल तेथे आरोग्यसेविका अथवा आशाताई यांनी मुलींशी मोकळेपणाने बोलावे. शिक्षकाने या विषयास हसू येऊ देऊ नये, एवढे तरी त्याच्या हाती निश्चित आहे.

तंबाखूचा विचार मुलग्यांपुरता मानण्याची प्रथा आहे. २०१९ सालच्या पाहणीत भारतातील तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा ८.५ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. मुलगे शेकडा ९.६ आणि मुलीही शेकडा ७.४. मिश्रीची डबी ज्या घरात असते तेथे याचे आश्चर्य वाटू नये.

शांत मुलगी

शाळा या साऱ्यात काय भर घालते? मुलास जेथे मित्र आहेत, शिक्षक न्यायाने वागतो आणि चुकल्यास अपमान होत नाही, तेथे ते शिडीवर वर चढते. जेथे गुणांची तुलना चारचौघांत होते तेथे वरचा नंबर असलेलेही मूल धास्तावलेले असते.

परंतु शाळेची एक चूक अशी आहे की, ती चूक म्हणून ओळखलीच जात नाही. वर्गात एखादी मुलगी असते. ती वेळेवर येते, अक्षर सुंदर काढते, उलट बोलत नाही, प्रश्न विचारत नाही, कसली मागणी करीत नाही. शिक्षक तिला 'गुणी' म्हणतात आणि वात्रट मुलग्यांपुढे तिचे उदाहरण ठेवतात. पालकसभेत तिच्याविषयी बोलण्यासारखे काही नसते. आणि एके दिवशी, सातवीचा निकाल लागल्यावर, तिचा दाखला न्यावयास वडील येतात. पुढची शाळा चार किलोमीटरवर आहे, सोबत नाही, आणि 'तिचीही काही फारशी इच्छा नाही' असे सांगतात. तिची इच्छा काय आहे हे तिला सात वर्षांत कोणी विचारलेले नसते.

शांतपणा म्हणजे समाधान, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. असमाधानी मुलगा बहुधा गोंगाट करतो, भांडतो, शाळा चुकवतो. त्याचे असमाधान शिक्षकापर्यंत पोचते, शिक्षेच्या रूपाने का होईना, त्याची दखल घेतली जाते. असमाधानी मुलगी बहुधा गप्प बसते, आणि गप्प बसण्याबद्दल तिची स्तुती होते. ज्या लक्षणाची चिंता वाटावी त्यालाच शाळा शाबासकी देते.

या भूमीतील स्त्रीशिक्षणाचा आरंभ निराळा होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या कुमारवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला व १८५५ साली तो 'ज्ञानोदया'त छापला गेला. शाळेत अवघी काही वर्षे काढलेली मुलगी समाजास प्रश्न विचारती झाली. मुलीस अक्षर येणे आणि मुलीस आवाज येणे या दोन्ही गोष्टी त्या शाळेने एकच मानल्या होत्या.

मुलग्यांचे शिक्षण

मुलींच्या समाधानाचा प्रश्न केवळ मुलींस उपदेश करून सुटणार नाही. ज्या भावाच्या हाती पाण्याची घागर कधी आली नाही त्याचेही शिक्षण अपुरे राहिले आहे. आणि 'पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय' असे ऐकत वाढलेला मुलगा आपले दुःख बोलून दाखविण्याचे विसरतो, हीही हानीच आहे.

हे पालटता येते, यास भारतातीलच प्रमाण आहे. हरियाणातील सोनिपत, पानिपत, रोहतक व झज्जर या चार जिल्ह्यांतील ३१४ सरकारी शाळांत एक अभ्यास झाला. त्यांपैकी काही शाळांत सातवीपासून पुढील मुलामुलींशी सुमारे अडीच वर्षे, शाळेच्या वेळेत, घरकाम, शिक्षण, नोकरी व स्त्री-पुरुषांतील विषमता यांवर चर्चा घडविण्यात आल्या. त्यांचे विचार अधिक समतेचे झाले, आणि चर्चा थांबल्यानंतर दोन वर्षांनीही तो पालट टिकून होता. वागण्यातील फरक मुलग्यांत अधिक दिसला; ते घरकामास अधिक हात लावू लागले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा बोध असा की, मुलग्यांचे मन या वयात घट्ट झालेले नसते. कोणी बोलले तर ते ऐकते.

शिक्षकाने काय करावे

(१) वर्षातून दोनदा शिडीचा प्रयोग करावा. कोऱ्या चिठ्ठीवर नाव न घालता मुलाने केवळ पायरीचा अंक व मुलगा की मुलगी एवढे लिहावे. चिठ्ठ्या वर्गात वाचू नयेत, तक्ता भिंतीवर लावू नये. मुलींच्या चिठ्ठ्या सातत्याने खालच्या अंकांच्या असतील तर शाळेने आपलाच विचार करावा.

(२) शाळेतील कामे पाळीने वाटावीत. वर्ग झाडणे मुलींकडे, पाहुण्यांचा चहा मुलींकडे, आणि सामान आणण्यास बाजारात जाणे व ध्वजापाशी घोषणा देणे मुलग्यांकडे, ही वाटणी जेथे असेल तेथे ती या महिन्यातच मोडावी. मुलांनी घरी पाहिलेले शाळेत दृढ होऊ नये.

(३) पटांगण वारांनी वाटावे. आठवड्यातील निदान तीन दिवस मध्यभाग मुलींच्या खेळासाठी राखावा आणि शिक्षकाने तेथे उभे राहावे.

(४) प्रश्नोत्तरांत शांत विद्यार्थ्यांस आळीपाळीने बोलते करावे. चुकले तर हसू देऊ नये. आठवड्यातून एका तासास मुलांनी प्रश्न विचारावेत व शिक्षकाने उत्तरे द्यावीत.

(५) पालकसभा केवळ आयांची होऊ देऊ नये. वडिलांना बोलवावे, आणि मुलीच्या गुणांआधी तिच्या झोपेचे व न्याहारीचे विचारावे. 'कामे सांगू नका' असे म्हटल्यास कोणी ऐकणार नाही. 'संध्याकाळचा एक तास तिला द्या, तेवढे काम भावास द्या' असे म्हटल्यास काही जण ऐकतील.

(६) सातवी-आठवीतील प्रत्येक मुलीच्या पुढील शाळेची निश्चिती परीक्षेपूर्वीच करावी. ग्रामीण मुलींस शाळेसाठी एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. मानव विकास कार्यक्रमातील तालुक्यांत आठवीपुढील मुलींस सायकलीही मिळतात. ही माहिती वडिलांच्या कानी दाखला मागण्यापूर्वी गेली पाहिजे, नंतर नव्हे.

(७) जे शिक्षकाच्या आवाक्याबाहेर आहे ते ओळखावे. मूल अनेक आठवडे खिन्न असेल, जेवत-झोपत नसेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवीत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी मोफत सल्ला मिळतो. मुलावर अन्याय होत असल्यास १०९८ हा क्रमांक आहे. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाले असल्याचे आढळले, हे ध्यानात ठेवून विवाहाची कुणकुण लागताच ग्रामपंचायत अधिकाऱ्यास (पूर्वीचे ग्रामसेवक) सांगावे.

यांतील बहुतेक गोष्टींस पैसा लागत नाही व वरिष्ठांच्या मंजुरीचीही वाट पाहावी लागत नाही. गावातील दारिद्र्य, पाणीटंचाई किंवा ऊसतोडीचे स्थलांतर शिक्षकाच्या सांगण्याने थांबणार नाही. परंतु दिवसाचे जे पाच-सहा तास मूल शाळेच्या छपराखाली असते, त्या तासांचा धनी शिक्षक आहे. तेवढ्या वेळात मुलीच्या पोटात अन्न, पायांत खेळ आणि तोंडी प्रश्न असावा, हे त्याने पाहावे. येत्या सोमवारी हजेरी घेताना आपल्या वर्गातील सर्वांत शांत मुलगी कोण, याचा प्रत्येकाने विचार करावा, आणि त्या दिवशी पहिला प्रश्न तिला विचारावा.